आपोआप भरलेला रकाना

"बटणं दाबायचे पैसे घेते," असं माझ्याबद्दल कुणी बोललं की माझं डोकं फिरतं. दहा-बारा वर्षं झाली, बोरी अरबला बाजाराच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन सेंटर आहे. दाखले, सातबारा, आधारची दुरुस्ती, परीक्षांचे फॉर्म, सगळं करते. माणसं येतात, कागद टेबलावर आपटतात आणि 'पाच मिनिटांचं काम हाये' म्हणतात. पाच मिनिटांचं असतं तर घरीच केलं नसतं का, असं मी मनात म्हणते. कधीकधी मोठ्यानंही म्हणते.

मी सांगते आहे ती गोष्ट लॉकडाऊनच्या पहिल्या उन्हाळ्यातली, म्हणजे २०२० सालची. मार्च संपता संपता सेंटर बंद करावं लागलं. घरात बसून काय करणार? लॅपटॉप उघडून बसायची. ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात. सहा वर्षं मी ती रोज पाहत होते आणि सहा वर्षं त्यांना हात लावला नव्हता. त्या दिवसांत टिंबांखालचा एकेक शब्द मी उघडून पाहिला. चुकून बंद झालेलं पान परत आणता येतं, हे तेव्हा कळलं. पावती छापायच्या ऐवजी तशीच फाइल करून ठेवता येते. लांबलचक यादीत नाव शोधायला डोळे फोडावे लागत नाहीत. गाव, तालुका, जिल्हा एकदा लक्षात ठेवायला सांगितलं की पुढच्या फॉर्ममध्ये ब्राउझर स्वतःच भरतो. हे सगळं फुकट, आधीपासून तिथंच होतं, आणि मी बावळटासारखी दिवसातून चाळीस वेळा 'मु. पो. बोरी अरब' टाइप करत बसले होते.

"कायचा अभ्यास करून राह्यली?" आई विचारायची. "परीक्षा हाये का तुही?"

परीक्षा एप्रिलच्या शेवटी आली. त्या वर्षी कापूस घरात अडकला होता. भाव वाढेल म्हणून जे थांबले ते थांबलेच, कारण मग खरेदीच बंद पडली. आमच्याकडे कापसाला वेगळं गोदाम नसतं. राहत्या खोलीत गंजी लागते, आढ्यापर्यंत. आणि एप्रिलच्या उन्हात त्या कापसात बारीक किडे होतात, दिसत नाहीत, पण अंगाला अशी खाज सुटते की माणूस रक्त निघेपर्यंत खाजवतो. निम्मं गाव अंगणात निजत होतं.

आमच्या मागच्या गल्लीत तुळसामावशी आणि डोमाजीमामा राहतात. त्यांच्या घराला एकच खोली आणि पुढं टिनाची पडवी. खोलीत कापूस होता आणि पडवीत त्यांची मुलगी उर्वशी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून तिला मार्चच्या सुरुवातीला पुसदहून आणली होती. तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आठवड्याभरात कापूस विकून खोली सारवून घेऊ. आता तिला नववा लागला होता आणि ती त्रेचाळीस डिग्रीत टिनाखाली ओला टॉवेल पोटावर टाकून पडलेली असायची. हातापायांवर फोड आले होते. आरोग्य केंद्राची आशाताई पाहून गेली आणि स्पष्टच म्हणाली की दवाखान्यातून बाळ या घरात आणू नका.

"मंग कुठं नेऊ?" मावशीनं मला विचारलं, जसं काही आशाताईच्या तोंडात ते शब्द मीच घातले होते. "सासरी धाडाव तं गाडीले पास नाही. शेजाऱ्याच्या घरातबी कापूसच हाये. साधना, मले काही समजत नाही. तू तेवढी खोली रिकामी करून दे माय."

खोली मी कशी रिकामी करणार? पण एका अर्थानं माझ्याच हातात होतं. सरकारी खरेदी पुन्हा सुरू होणार होती आणि त्यासाठी ऑनलाइन नोंदणी करायची होती. तीन दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. ज्याचा नंबर आधी लागेल त्याची गाडी आधी. नंबर नसेल तर जिनिंग कारखान्याच्या फाटकातून गाडी आत जाणार नाही. सेंटर उघडायची परवानगी तेवढ्यासाठी मला मिळाली. मी रस्त्यावर चुन्यानं गोल काढले आणि सांगितलं की गोलाच्या बाहेर जो पाय टाकेल त्याचा फॉर्म शेवटी.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. साइटचं पहिलं पान उघडायचं, गोल फिरायचं, पांढरं पडायचं. सगळ्या तालुक्याचं तेच रडगाणं. लोक माझ्याकडे असे बघत होते जशी ती साइट मीच बांधली. पण दुपारी तीनच्या सुमाराला एकदाच, अर्ध्या मिनिटासाठी, आतलं फॉर्मचं पान माझ्यासमोर उघडलं आणि मी काय केलं? फॉर्म भरायला नाही घेतला. त्या आतल्या पानावर खूण करून ठेवली. अर्ध्या मिनिटात फॉर्म झाला नसताच, पण उद्या पुढच्या दारात गर्दी असेल तेव्हा थेट आत शिरता येईल असं वाटलं.

दुसरा प्रश्न ओटीपीचा. आमच्याकडे बापाचं आधार असतं आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर पोराचा असतो. पोरगा पुण्याला कंपनीत. म्हणजे फॉर्म भरायचा बोरी अरबला आणि आकडे यायचे चाकणला. तोवर पान मुदत संपली म्हणून सांगणार. मी संध्याकाळी सहा पोरांना फोन लावले. "उद्या दहा वाजता फोन हातात ठेवायचा. आंघोळ नंतर. गेम तं अजिबात नाही." डोमाजीमामांचा मुलगा राजदीप म्हणाला, "ताई, मी नऊपासूनच बसतो." त्याची कंपनी बंद होती, खोलीत चार जण अडकलेले, आणि बहीण पडवीत पडली आहे हे त्याला रोज कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दहाला दोन मिनिटं झाली आणि मी आत होते. पहिला फॉर्म डोमाजीमामांचा घेतला. कुणी म्हणेल ओळखीचा होता म्हणून. होता. नववा महिना कुणाच्या घरी होता ते सगळ्या रांगेला माहीत होतं, एकानंही तक्रार केली नाही. राजदीपनं आकडे सांगितले, मी बटण दाबलं, पावती आली. नंबर तीन. सगळ्या तालुक्यात तीन! मावशी बाहेर गोलात उभी होती. मी खिडकीतून तीन बोटं दाखवली तर तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

मग माझे हात असे चालायला लागले की काय सांगू. तीन टॅब उघडे. एकात ओटीपीची वाट, एकात सातबारा चढतो आहे, एकात नवं नाव. गाव, तालुका, पीक, सगळं ब्राउझर आपोआप भरत होता. पावती आली की न बघता फाइल करून ठेव, पान बंद, पुढचा. साडेअकरापर्यंत सात फॉर्म झाले. सातवा किसनसिंगचा, बंजारा तांड्यावरचा. माणूस कमी बोलतो. "झालं का?" त्यानं विचारलं. "झालं, किसनभाऊ. घरी जा आरामात," मी म्हटलं, आणि तो सायकलवर टांग टाकून गेला.

त्यानंतर साइट पुन्हा बसली. मी पाणी प्यायले आणि म्हटलं तोवर सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पावत्या पाठवून टाकू. पहिली उघडली. डोमाजी, नंबर तीन. दुसरी उघडली. नंबर तीन. मला वाटलं तीच परत उघडली. नाव पाहिलं तर दुसरं. तिसरी, चौथी, सातही पावत्या उघडल्या. नावं सात आणि नंबर सगळ्यांचा तीन.

मी पावती मोठी करून पुन्हा वाचली. पावतीच्या खाली बारीक अक्षरांत 'संपर्क क्रमांक' होता. सातही पावत्यांवर राजदीपचा मोबाइल. गाव-तालुक्याबरोबर ब्राउझरनं तोही लक्षात ठेवला होता, आणि फॉर्मच्या तळाशी, जिथं माझं लक्ष गेलं नाही, तो रकाना त्यानं इमानदारीनं भरला होता. साइटचा नियम होता, एका मोबाइल नंबरवर एकच शेतकरी. त्याच मोबाइलवर दुसरं नाव आलं की तिला वाटायचं जुनी नोंद दुरुस्त करताहेत. जुनं नाव पुसायची, नवं बसवायची. म्हणजे डोमाजीमामा गेले, मधले पाच गेले, आणि तीन नंबरवर आता एकटा किसनसिंग होता.

चूक ब्राउझरची नव्हती. मी सांगितलं ते त्यानं केलं. न बघता बटण मी दाबलं. लोक म्हणतात ना, बटणं दाबायचे पैसे घेते. तर त्या दिवशी मी नुसतीच बटणं दाबली होती.

मी बाहेर रस्त्यावर गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. कुणाला बाजूला घेऊन कुजबुजले नाही. मधल्या पाचांपैकी एकानं मला अशी शिवी घातली की ती इथं लिहिता येणार नाही. ऐकून घेतली. साइट दोनला परत आली. नावं, गट नंबर, सगळं त्या फाइल केलेल्या पावत्यांवर होतं, त्यामुळं कागद पुन्हा मागावे लागले नाहीत. या वेळी तळाचा रकाना मी प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवला. पण तोवर सगळा तालुका आत घुसला होता. त्या पाचांना नंबर मिळाले दोनशे अकराच्या पुढचे. सकाळी त्यांना वीसच्या आतले मिळाले असते. नुकसान त्यांचं झालं आणि केलं मी.

चार वाजता मावशी आत येऊन माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. आता राहिले डोमाजीमामा. त्यांचं करणं सगळ्यात सोपं होतं. तीन नंबरची नोंद उघडायची, दुरुस्ती दाबायची, किसनसिंगचं नाव काढून डोमाजीचं टाकायचं, ओटीपी राजदीपकडे. दुरुस्ती त्याच दिवशी पाचपर्यंतच होत होती.

"मंग दाब ना," मावशी म्हणाली.

"किसनभाऊले येऊ दे, मावशी. मी निरोप धाडला हाये."

"तो कायले पाह्यजे? नंबर आमचा होता. तूच बोटं दाखवली मले."

"होता. पण आता त्याचं नाव हाये तिथं."

"तुह्या चुकीनं हाये!"

"माह्याच चुकीनं हाये. पण मी त्याले म्हटलं, तुमचं झालं, घरी जा. आता त्याच्या माघारी कसं पुसू?"

मावशीचा चेहरा लाल झाला. "माही पोरगी तथी टिनाखाली भाजून राह्यली, अन् तुले किसनसिंगची पडली? आपल्या माणसाले सोडून तू..." मला उठून तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही.

माझ्या वडिलांचं नाव घरकुलाच्या यादीत होतं. एका वर्षी ते नाहीसं झालं. कुणी काढलं, का काढलं, कुणाचं घातलं, काही कळलं नाही. ते पुढं दोन वर्षं दर महिन्याला जाऊन विचारायचे, माझा नंबर कधी येईल म्हणून, आणि कुणी त्यांना सांगितलंसुद्धा नाही की तुमचं नावच नाही आता. मी तेव्हा दहावीत होते. ऑफिसच्या व्हरांड्यात मी त्यांच्याबरोबर उभी असायची. ज्याचं जळतं त्याला कळतं. माझ्या हातात बटण आलं म्हणून मी तेच करायचं का? मग सेंटर कशाला, त्या ऑफिसात खुर्चीत बसणाऱ्या माणसासारखी मीही एक झाले असते.

राजदीप फोनवर होता. स्पीकर चालूच. त्याला सगळं ऐकू गेलं. तो म्हणाला, "आई, थांब जरा. ताई, मी हावो. पाचपर्यंत फोन ठेवत नाही."

साडेचार वाजले तरी किसनसिंगचा पत्ता नव्हता. तांड्यावर फोनला रेंज नसते. चार चाळीसला मी मनाशी ठरवलं की पावणेपाचला स्कूटीवर तांड्यावर जाऊन येईन. दोन किलोमीटर, येता-जाता दहा मिनिटं. स्कूटीची किल्ली हातात घेतली आणि सायकल आली.

"जय सेवालाल, बाई. कायले बलावलं?"

मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि सगळं सांगितलं. त्याचं नाव तीनवर कसं गेलं, कुणाचं पुसलं गेलं, आणि आता नवी नोंद केली तर त्याला दोनशे तीसच्या पुढचा नंबर मिळेल हेही सांगितलं. उर्वशीचं नाव मी काढलं नाही. ते मावशीनंही काढलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

त्यानं स्क्रीनवरचं आपलं नाव बोट लावून पाहिलं. "मी काई नाही केलं तं हे तीन माहंच राह्यते?"

"हो."

"माह्या घरातबी कापूसच हाये, बाई. बायकोच्या, बसंतीच्या, हातावर कातडी राह्यली नाही."

"माहीत हाये, भाऊ."

"अन् हे पुसाले माही सही लागत नाही?"

"नाही."

"मंग इचारलं कायले? बटन तं तुह्याच हाती होतं."

"म्हणूनच इचारलं," मी म्हटलं.

चार त्रेपन्न झाले होते. मावशी पदराचं टोक मुठीत धरून बसली होती, राजदीपच्या खोलीतला पंखा फोनमधून ऐकू येत होता. किसनसिंग एकदम खुर्ची ओढून बसला. "डोमाजीचं नाव टाक. तीन त्याचंच व्हतं. पण माहा फॉर्म आताच भर, माह्या डोयासमोर. अन् खालचा नंबर मी सोता वाचतो."

मी दोन टॅब उघडले. एकात दुरुस्ती. डोमाजीमामांचं आधार टाकलं, चाकणहून राजदीपनं सहा आकडे एका दमात सांगितले आणि मी ओरडले, "हळू बोल, एकेक!" नाव बदललं. नंबर तीन, डोमाजी. पावती या वेळी वरपासून खालपर्यंत वाचली आणि मगच जपून ठेवली. दुसऱ्या टॅबात किसनसिंगचा फॉर्म. त्याचा ओटीपी त्याच्याच फोनवर आला. त्यानं चष्मा लावून तळाचा रकाना वाचला, एकेक आकडा, दोनदा. बटण दाबलं तेव्हा चार अठ्ठावन्न. नंबर आला दोनशे एकेचाळीस.

"दोनशे एकेचाळीस," तो म्हणाला, सायकलचं स्टँड काढलं आणि गेला. मावशी उठली. दारात थांबली, पण वळली नाही.

चौथ्या दिवशी राजदीपच्या फोनवर गाडी आणायचं टोकन आलं. सातव्या दिवशी डोमाजीमामांचा कापूस ट्रॅक्टरवर चढला. मावशीनं त्याच संध्याकाळी खोली झाडली, फिनाइल टाकून धुतली, भिंतींना चुना मारला. नवव्या दिवशी उर्वशीला कळा आल्या. दवाखान्यात मुलगी झाली, दोन किलो आठशे, आणि तिसऱ्या दिवशी ती त्या चुन्याचा वास येणाऱ्या खोलीत आली.

मी लगेच गेले नाही. मला लाज वाटत होती. त्या सहा जणांचे नंबर मी माझ्या ब्राउझरमध्ये पिन करून ठेवले होते. सकाळी लॅपटॉप उघडला की आधी ती सहा पानं उघडायची, मग गिऱ्हाईक. कुणाची गाडी आली नाही, कुणी नंबर सोडला, की जागा रिकामी होते, आणि ती दहा वाजताच दिसते. अशा दोन जागा मी त्या पाचांपैकी दोघांसाठी पकडल्या. पाच जणांचे नंबर एकेक करून जवळ येत होते. मला शिवी घालणाऱ्याचाही. किसनसिंग मात्र सगळ्यांत मागं होता. रोज मी त्याचं पान उघडायची आणि त्याच्या पुढं अजून किती राहिले ते मोजायची.

बाळ पाच दिवसांचं झालं तेव्हा मावशीनंच बोलावणं पाठवलं. सकाळी नऊला गेले. पडवी रिकामी होती. आत उर्वशी बाजेवर बसून बाळाला पाजत होती, हातापायांवरचे फोड बसत आले होते. आणि पलीकडच्या भिंतीशी, अंथरुणावर, एक बाई बसली होती. दोन्ही हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोपडलेलं. ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. किसनसिंगची बसंतीबाई.

"रोज दिवस बुडाला का येते, सकाळी जाते," मावशी म्हणाली, माझ्याकडे न बघता, चहा गाळत. "मीच गेलती तांड्यावर तिले आणाले. किसनसिंगचा कापूस जात नाही तोवर इथंच निजन ती. खोली काय, मोठी हाये."

खोली काही मोठी नव्हती. बसंतीबाई हसली. आपल्या कातडी सोललेल्या हातांकडे तिनं पाहिलं आणि म्हणाली, "छोरीले हात नाही लावत मी. दुरूनच पायते." मावशीनं कप तिच्यासमोर ठेवला. मग उर्वशीच्या मांडीवरचं बाळ उचललं आणि माझ्या हातात दिलं.

मी रडले. सांगायला कसली लाज? बाळ गरम होतं, झोपलेलं होतं, आणि त्याच्या अंगावर एक पुटकुळी नव्हती. मला ते सोडवत नव्हतं. पण भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते.

"मले निघू दे, मावशी," मी म्हटलं. "दहाले साइट सुरू होते."

बसंतीबाईनं विचारलं, "नंबर कितीपर्यंत आला, बाई?"

"कालपर्यंत एकशेचौदा."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मावशीनं बाळ माझ्याकडून घेतलं आणि म्हणाली, "जाय मंग. उभी कायले राह्यली?"